आठवण गेली, माणूस उरला

कालचा माणूस आणि आजचा माणूस एकच आहे, हे स्मृतीवरून ठरते, असे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९४ साली मांडले. शरीर बदलत राहते. पण मागे केलेले, सोसलेले आपलेच होते ही जाणीव टिकते, तोवर व्यक्ती तीच. हा विचार पटण्यासारखा आहे. मात्र त्याची कसोटी पाहणारे एक आयुष्य विसाव्या शतकात घडले.

अमेरिकेतील कनेटिकट राज्याचे हेन्री मोलेसन यांना लहानपणापासून फिट येत. औषधांचा उपयोग होईना, तेव्हा १९५३ मध्ये, त्यांच्या वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतला भाग काढला. नव्या आठवणी साठवण्यासाठी लागणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा हिस्सा त्यात गेला. फिट कमी झाल्या, बुद्धी शाबूत राहिली, बालपणही आठवत होते. नवे मात्र काहीच मनात मुरेना. ओळख झालेली व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परत आली, की पुन्हा अनोळखी.

एका चाचणीत त्यांना ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. आकड्यांची बेरीज-वजाबाकी करत, मनाशी घोकत त्यांनी तो पंधरा मिनिटे धरून ठेवला. लक्ष दुसरीकडे वळले आणि मिनिटभरात आकडा गेला. तो घोकल्याचेही आठवेना.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. आरशात दिशा उलटी दिसते, त्यामुळे भल्याभल्यांचा हात चुकतो. तीन दिवसांच्या सरावात मोलेसन यांच्या चुका कमी होत गेल्या. आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. हाताचे कसब आणि प्रसंगाची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी घडते, हे यातून उमगले. स्मृतिशास्त्राची ही फार मोठी कमाई आहे.

लॉक यांचा निकष तंतोतंत लावला, तर १९५३ नंतरचे मोलेसन क्षणाक्षणाला नवी व्यक्ती ठरतील. त्यांच्या सहवासातल्यांचा अनुभव तसा नव्हता. सौम्य स्वभाव, शब्दकोड्यांची आवड, आपल्यावरच्या अभ्यासाचा इतरांना उपयोग व्हावा ही इच्छा, हे सारे दशकानुदशके तसेच राहिले. शस्त्रक्रियेनंतर ज्या घरात ते वर्षानुवर्षे वावरले, त्याचा आराखडाही ते काढू शकले. स्वभाव, सवयी, माणसांशी वागण्याची रीत यांचा भार स्मृतीइतकाच मोठा आहे, असेच यावरून म्हणावे लागते.

प्रश्न उरला संमतीचा. चाचणीची माहिती काही वेळातच विसरणाऱ्या माणसाच्या होकाराला होकार म्हणायचे का? १९९२ मध्ये न्यायालयाने त्यांच्यासाठी पालक नेमला. निर्णय घेण्यात उणीव असली, तरी हक्क पूर्ण व्यक्तीचेच आहेत, हे त्यामागचे तत्त्व. संशोधकांनीही त्यांची ओळख जपली. २००८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन होईपर्यंत वैज्ञानिक जगाला ते केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी माहीत होते.