जीपचे मोठे टायर : लाभ किती, तोटा किती?

मृगाचा पाऊस पडून नांदेड-लातूरकडील काळी माती एकदां भिजली, म्हणजे शेताच्या वाटेवर जीप पुढें सरकेनाशी होते. मग घरांतील तरुण मंडळी सुचवितात, ‘चाकें मूळचींच ठेवूं, त्यांवर टायर तेवढे मोठे चढवूं.’ वडील मंडळींनीं होकार देण्यापूर्वीं थोडें गणित करून पाहावें.

२०२० सालीं निघालेल्या महिंद्रा थारच्या अठरा इंची चाकांना २५५/६५ मापाचे टायर येतात. पहिला आंकडा रुंदीचे मिलिमीटर सांगतो. दुसरा, त्या रुंदीच्या शेंकडा किती टायरची उंची, तें सांगतो. एकूण व्यास सुमारें ७८९ मिलिमीटर भरतो. २६५/७० चे टायर घातले, तर तो ८२८ होतो. पण गाडी उंचावते ती वाढीच्या निम्मी, म्हणजे बोटभरच!

या बोटभर लाभाची किंमत काय? चाकाचा फेरा शेंकडा पांचांनीं लांबतो. म्हणून पूर्वीं अचूक असलेला काटा ८० दाखवितो तेव्हां खरा वेग ८४ असतो. नांदेडहून अहमदपूरमार्गें लातूरला जातांना मुलेंबाळें गाडींत असतां हा फरक क्षुल्लक नव्हे. ब्रेकांवर भार वाढतो, चिखलांतून निघतांना इंजिनाला अधिक जोर लागतो, आणि स्टिअरिंग पुरतें वळवितांच टायर आंत घांसण्याचा संभव असतो.

काळ्या मातींत अडचण उंचीची थोडी, टायरची नक्षी चिखलानें बुजण्याची अधिक. तेव्हां खोल व मोकळ्या खांचांचे टायर घ्यावे; माप मात्र गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत असेल तेंच ठेवावें.