भरलेली ऊस ट्रॉली रुतते का, उलटते का? चिखल, चढ आणि उतारावर काय काळजी घ्यावी

अहिल्यानगर : गळीत हंगाम सुरू झाला की प्रवरा, मुळा, ज्ञानेश्वर, अशोक, अगस्ती या कारखान्यांच्या रस्त्यांवर डबल ट्रॉलीच्या रांगा लागतात. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून ट्रॉली वरपर्यंत भरली जाते. डांबरी सपाट रस्त्यावर ती निघून जाते. खरी परीक्षा होते ती फडातून बाहेर पडताना, ओढ्यात आणि घाटात.

फडातला चिखल
काळी जमीन वरून वाळलेली दिसते, पण खाली ओल धरून असते. भरलेल्या ट्रॉलीचं चाक वरची पापडी फोडून खाली बसतं. ट्रॅक्टरचं चाक जागेवर फिरलं की टायरच्या नक्षीत चिखल भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि खड्डा वाढत जातो. म्हणून चाक घसरायला लागलं की रेस वाढवू नका, लगेच थांबा. चाकापुढे पाचट, वाढे टाका. मागची ट्रॉली सोडून एकेक बाहेर काढा. एकच चाक फिरत असेल तर डिफ लॉक लावा, पण सरळ चालतानाच. वळायच्या आधी तो काढा.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी खालच्या हुकालाच बांधा. वरच्या टॉप लिंकला बांधली तर ओढ वरून लागते, पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर पालथा पडू शकतो. साखळीजवळ कोणी उभं राहू नये.

सोपा उपाय आधीच करता येतो. तोडीच्या पंधरा दिवस आधी पाणी बंद करा, आणि फडात ट्रॉली अर्धी भरून उरलेला ऊस पक्क्या रस्त्यावर भरा.

चढ
दहा फुटांना एक फूट चढ असेल आणि दोन ट्रॉल्या मिळून २० टन वजन असेल, तर साधारण २ टनांची ओढ ट्रॅक्टरला मागे खेचत असते. ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होतं, स्टेअरिंग लागत नाही. पुढे वजनाच्या प्लेटा असाव्यात. चढ सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. मध्येच गिअर बदलताना गाडी मागे येते. ट्रॉलीमागे चालणाऱ्याने लांब राहावं. चाकाला लावलेला दगड निघताना रस्त्यातून उचला. रात्री त्याच दगडावर दुचाकीवाला पडतो.

उतार
करंजी घाट असो, इमामपूर घाट असो की चंदनापुरी, डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे जिवाशी खेळ. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली थांबत नाही. ती मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. उतारालाही खालचाच गिअर ठेवा आणि क्लच दाबून गाडी सोडू नका. दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेले हवेत. नाहीतर एकच चाक आवळतं आणि ट्रॅक्टर गरकन फिरतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला जवळपास चौपट अंतर लागतं, हे लक्षात असू द्या.

साईडपट्टी आणि वळण
ऊस जेवढा उंच, तेवढी ट्रॉली कलायला सोपी. समोरून एसटी आली की ड्रायव्हर खाली उतरवतो, मऊ साईडपट्टीत एका बाजूची चाकं बसतात आणि ट्रॉली पलटी होते. अरुंद चारीच्या रस्त्यावर आधी थांबा, पक्की जागा बघा, मगच बाजू द्या. उसावर माणसं, लेकरं कधीच बसवू नका. गाव-वस्तीतल्या लोंबत्या वीजतारांखालून जाताना उंचीही बघा.

रात्रीची खेप
बंद पडलेली, दिवा नसलेली ट्रॉली धुक्यात दिसत नाही. मागच्या ट्रॉलीलाही लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा हवा. हुकाची पिन आणि सेफ्टी साखळी प्रत्येक खेपेला तपासा.

तुटलेला ऊस उशीर झाला की वाळतो, वजन घटतं, हे खरं. पण अर्धा-एक टन कमी भरला तर जेवढं नुकसान, त्याच्या कितीतरी पट एका पलटीत जातं. त्यात माणूस गेला तर हिशेबच उरत नाही.