थर्मासची किमया खिडकीत

जालन्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. जाड भिंती तग धरतात; साधी काच मात्र बाहेरची धग सहज आत सोडते. इथे निर्वात काच कामी येते. दोन काचांमधल्या जेमतेम ०.२ मिलिमीटर फटीतली हवा काढून कडा सीलबंद करतात. बारीक टेकूंमुळे काचा एकमेकींना चिकटत नाहीत. हवाच नसल्याने उष्णतेची वाट अडते. थर्मासचे तत्त्वही हेच. १९९७मध्ये ही काच जपानच्या बाजारात आली. तिच्यामुळे एसीवरचा भार हलका होतो, रस्त्याचा गोंगाटही कमी ऐकू येतो. जाडी कमी असल्याने ती अनेकदा जुन्या चौकटीतही बसते. खिडकीवर थेट ऊन येत असेल, तर ऊन परतवणारा लेप दिलेली काच निवडा. बाहेर छज्जा मात्र हवाच.