कान देऊन – लेखांक ९ : मंडईचा आवाज, दोन हेडफोनांत

दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचे नाटक. नाटकातली गाणी रंगमंचाशेजारी बसलेले वादक प्रत्यक्ष वाजवतात. पेटी-तबल्याच्या जोडीला आता ऑक्टोपॅडही असतो. अशा ठिकाणी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला कर्ण्यांचा गलका बाजूला सारून माइकमध्ये नेमके काय जाते तेवढेच ऐकायचे असते. म्हणून त्याच्या कानांवर बंद पाठीचा हेडफोन लागतो.

या प्रकारात दोन नावे हमखास पुढे येतात. १९९१ पासून चालत आलेला सोनीचा एमडीआर-७५०६ आणि २०१४ मध्ये आलेला ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स. पहिल्याचा पडदा ४० मिलिमीटरचा, दुसऱ्याचा ४५ मिलिमीटरचा. रोध अनुक्रमे ६३ आणि ३८ ओहम, त्यामुळे दोन्ही साध्या मोबाइलवरही पुरेसे मोठ्याने वाजतात.

वाजतात मात्र निराळे.

खडीगंमतीच्या शाहिराचा आवाज सोनीवर ऐकावा. शब्द सुटा कळतो, तुणतुण्याची तार लख्ख उमटते. या हेडफोनात वरच्या पट्टीतले स्वर उठावदार आहेत. त्यामुळे मुद्रणातली खरखर, माइकवर आदळलेला श्वास, टोचणारा ‘स’ लगेच पकडला जातो. ध्वनिमुद्रकांना तो इतकी वर्षे हवासा वाटतो तो याचसाठी. पण तासभर झांजा ऐकल्या की कान शिणतात.

ढोलकी आली की पारडे फिरते. तिच्या डाव्या पुडीची घुमकी एम५०एक्सवर भरीव लागते, ऑक्टोपॅडचा ठोका छातीशी आल्यासारखा वाटतो. ‘सैराट’मधले (२०१६) ‘झिंगाट’ याच हेडफोनवर खुलते. त्याच चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद मुद्रित केला होता. ‘याड लागलं’मधल्या त्या व्हायोलिनांवर फिरणारा गज सोनीवर जास्त स्पष्ट जाणवतो, तर चेलोचा भरदारपणा ऑडिओ-टेक्निकावर. वाद्यवृंदाचा मोकळा पसारा मात्र दोन्हींवर थोडा आक्रसतो, कारण ध्वनी कानाशीच कोंडलेला असतो.

तुलना करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. दोन्हींचा आवाज सारखा लावावा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो. आणि गादी कानाभोवती घट्ट बसली आहे ना, ते पाहावे. चष्म्याची काडी किंवा केसांची बट मध्ये आली तरी फटीतून खर्ज निसटतो आणि भरदार एम५०एक्ससुद्धा पोकळ वाजू लागतो.

मुद्रण सोनीवर तपासून, तेच गाणे नंतर एम५०एक्सवर ऐकले, तर ढोलकी गायकावर चढते की नाही तेही कळते. मंडईतले गाणे शेवटी मोठ्या कर्ण्यांवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे वाजणार असते.

(पुढील आठवड्यात : कानावरच्या गादीचे कापड, चामडे आणि बदलणारा खर्ज)