डीव्हीडी रायटर : निवड, जोडणी आणि जतन

लेखनाची साधने बदलली, तरी लेखनामागची माणसाची इच्छा बदललेली नाही. आपल्याला जे मोलाचे वाटते ते आपल्यामागे उरावे, एवढ्याचसाठी माणसाने दगड कोरला, तांब्याचा पत्रा कोरला, भूर्जपत्रावर आणि कागदावर शाई उतरवली. संगणकाच्या तबकडीवर लेसर किरणाने लिहिणे ही त्याच वाटेवरची एक पायरी आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. ‘हे विज्ञानशाखेचे काम’ असे म्हणून आपण सहसा मोकळे होतो. परंतु जे जपायचे आहे ते आपले असेल, तर जपण्याचे साधनही आपल्याला हाताळता यायला हवे, असे मला वाटते.

माझे प्रयोजन अगदी घरगुती होते. माझ्या आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांच्या सात ध्वनिफिती आमच्याकडे आहेत. आजी आता नाही, आणि त्यांतील बऱ्याच ओव्या घरात दुसऱ्या कोणाला येत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. तरीही प्रत्येक घरची ओवी त्या संग्रहात असणार नाही. तिची काळजी त्या त्या घरानेच घ्यायला हवी. फितींवरचा आवाज संगणकात उतरवून झाल्यावर प्रश्न उरला तो ठेवायचा कोठे, हा. हार्ड डिस्क एखाद्या दिवशी बंद पडते. पेनड्राइव्हवरचा मजकूर चुकून एक कळ दाबली तरी पुसला जातो. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरचा मजकूर मात्र अशा चुकीने पुसला जात नाही आणि त्यावर दुसरे काही लिहिताही येत नाही. तिची हीच मर्यादा जतनाच्या कामी गुण ठरते.

हे यंत्र काम कसे करते ते आधी थोडक्यात पाहू. लिहिण्याच्या तबकडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि त्यामागे आरशासारखा चकाकणारा धातूचा थर असतो. रायटरमधील लेसर किरण लिहिताना प्रखर होतो व रंगद्रव्यावर सूक्ष्म डाग पाडतो. वाचताना तोच किरण सौम्य असतो. डागावरून तो कमी परावर्तित होतो, कोऱ्या जागेवरून अधिक. या कमीअधिक प्रकाशावरून संगणक मजकूर ओळखतो. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते. ही आतून बाहेर लिहिली जाते. सीडीवरील ही चक्राकार वाट सरळ केली, तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरेल! सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण वापरतात, डीव्हीडीसाठी ६५० आणि ब्लू-रेसाठी ४०५. किरण जितका बारीक, तितकी अक्षरे लहान आणि मजकूर अधिक, असे हे सोपे गणित आहे.

त्यामुळेच सीडीवर ७०० एमबी, डीव्हीडीवर ४.७ जीबी आणि साध्या ब्लू-रेवर २५ जीबी मजकूर मावतो. ४.७ जीबीची डीव्हीडी संगणकात घातली की तो ४.३८ जीबी दाखवतो आणि नवशिक्याला आपण फसलो असे वाटते. तसे काही नसते. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या पटीत. एवढाच काय तो फरक. सीडीच्या दर्जाचा, न दाबलेला आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. म्हणजे साठ मिनिटांच्या एका फितीला सुमारे ६०० एमबी लागतात. माझ्या सातही फिती एका डीव्हीडीवर बसतात, हे कागदावर मांडून पाहिले आणि ब्लू-रेचा महागडा विचार सोडून दिला. खरेदीपूर्वी असा हिशेब प्रत्येकाने करावा. आपल्याजवळ काय आहे आणि ते किती आहे, हे ठरले की निम्मी निवड झालीच.

उरलेली निवड आपल्या संगणकावर अवलंबून असते. रायटर दोन प्रकारचे मिळतात : संगणकाच्या पेटीत बसवायचे आणि बाहेरून यूएसबीच्या तारेने जोडायचे. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत तबकडीचे यंत्र नसते. त्यांच्यासाठी बाहेरचाच हवा. टेबलावरच्या संगणकात सव्वापाच इंची मोकळा कप्पा आहे का, ते प्रथम पाहावे. आताशा पुष्कळ पेट्यांत तो नसतो. कप्पा असेल तर आतला रायटर टिकाऊ व स्वस्त पडतो. दुकानदार वेगाचा आकडा पुढे करतात, पण त्याला भुलण्याचे कारण नाही. एकपट वेगाने पूर्ण डीव्हीडी लिहायला जवळजवळ एक तास लागतो, आठपट वेगाने आठ-दहा मिनिटे. त्याहून चार मिनिटे वाचवून आपण काय करणार? त्यापेक्षा सीडी व डीव्हीडीचे सर्व प्रकार, म्हणजे ‘वजा आर’ आणि ‘अधिक आर’ हे दोन्ही, त्या यंत्राला चालतात याची खात्री करून घ्यावी.

आता जोडणी. बाहेरच्या रायटरला पेचकस लागत नाही. तार लावली की संगणक त्याला ओळखतो. काळजी इतकीच, की तार संगणकाच्या स्वतःच्या खाचेत लावावी, चार वस्तू टांगलेल्या फाट्यावर नको. तबकडी फिरू लागताना यंत्र एकदम जास्त वीज ओढते आणि ती अपुरी पडली तर लेखन अर्ध्यावर थांबते. काही यंत्रांसोबत दोन टोकांची तार येते ती याचसाठी. तेथे दोन्ही टोके लावावीत.

आतला रायटर बसवताना संगणक बंद करून भिंतीतला प्लगच काढावा. पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्यावी आणि मगच बाजूचे झाकण उघडावे. पुढच्या बाजूची प्लॅस्टिकची पट्टी काढून रायटर समोरून आत सरकवावा व त्याचे तोंड पेटीच्या तोंडाशी समपातळीत आणून दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवावेत. त्याचे स्क्रू बारीक आट्यांचे असतात; हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू येथे जबरीने पिळू नयेत. मग दोन तारा लावायच्या : अरुंद तार मजकुराची, ती मदरबोर्डला जाते, रुंद तार विजेची, ती वीजपुरवठ्याच्या डब्यातून येते. या सॅटा पद्धतीत तोंडाचा आकार काटकोनी असल्याने तार उलटी बसत नाही. जुन्या संगणकांत रुंद, चपटी आयडीई तार असे. तिची लाल कड विजेच्या तोंडाकडे ठेवावी लागे आणि यंत्रामागची लहानशी टोपी हलवून ‘मालक’ की ‘सेवक’ ते ठरवावे लागे. महाविद्यालयाच्या अडगळीत असा संगणक सापडला, तर हे लक्षात असू द्यावे.

तबकडी निवडताना ‘आर’ आणि ‘आरडब्ल्यू’ यांतील भेद विसरू नये. आरडब्ल्यू ही पाटी आहे : लिहा, पुसा, पुन्हा लिहा. आर हा ताम्रपट आहे. सरावासाठी पाटी घ्यावी, जतनासाठी ताम्रपट. रंगद्रव्याऐवजी दगडासारख्या टणक थरावर लिहिली जाणारी एम-डिस्क नावाची तबकडीही निघाली. तिच्या डीव्हीडी प्रकारासाठी मात्र तिला चालणाराच रायटर लागतो.

आता प्रत्यक्ष लेखन. विंडोजमध्ये कोरी तबकडी घातली की तो विचारतो : पेनड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी वाजवणाऱ्या यंत्रासाठी? जतनासाठी दुसरा पर्याय घ्यावा, म्हणजे सारा मजकूर एका दमात लिहिला जातो आणि तबकडी इतर यंत्रांतही वाचली जाण्याचा संभव वाढतो. येथे मराठी माणसाला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. तबकड्यांच्या मूळ नियमांत फाइलच्या नावासाठी रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा यांनाच जागा होती, देवनागरीला नव्हती. पुढे जोलिएट नावाची पुरवणी आली आणि ६४ चिन्हांपर्यंतची नावे कोणत्याही लिपीत देता येऊ लागली. पण आपली जोडाक्षरे आणि काना-मात्रा येथे वेगवेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्याला चार अक्षरांची दिसते, संगणकाच्या लेखी ती अकरा चिन्हांची आहे! म्हणून फाइलींची नावे आटोपशीर ठेवावीत. कोणी, कोठे, केव्हा म्हटलेली ओवी, हा तपशील एका वेगळ्या टिपणात लिहून तेही त्याच तबकडीवर घालावे. तपशील हरवलेला आवाज हा निनावी पोथीसारखा असतो.

लेखन संपले, तबकडी बाहेर आली, म्हणजे काम झाले असे समजू नये. माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा येथेच आहे. लिहिलेला मजकूर मूळ मजकुराशी ताडून पाहण्याची सोय इमग्बर्न, के३बी यांसारख्या मोफत प्रणालींत असते. ती दर वेळी वापरावी. वेळ दुप्पट लागतो, पण पूर्वीचे लेखनिकही नक्कल झाल्यावर मूळ पोथीशी ती ताडून पाहत. शिवाय तबकडी दुसऱ्या एखाद्या यंत्रात घालून वाचली जाते का ते पाहावे. मगच मूळ फाइलींना हात लावावा, आणि शक्यतो तेव्हाही लावू नये.

तबकडी कडेने धरावी, उभी ठेवावी, ऊन आणि पावसाळी ओल यांपासून जपावी. सीडीचा चकाकणारा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, म्हणून तिच्यावर बॉलपेनने लिहिणे घातक; मऊ टोकाचा, खास त्यासाठी मिळणारा पेनच वापरावा. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती थोडी अधिक सुरक्षित. एकाऐवजी दोन प्रती कराव्यात आणि दुसरी वेगळ्या घरात ठेवावी.

तबकडीचे युग मावळतीकडे झुकले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ध्वनिफितीवर जी पाळी आली तीच उद्या हिच्यावर येईल. म्हणून तबकडी हा एकमेव आधार न मानता हार्ड डिस्कवरही एक प्रत असावी, दरवर्षी एकदा सारे उघडून पाहावे आणि नवे साधन आले की वेळीच त्यावर नक्कल करून घ्यावी. कोणतेही यंत्र कायमचे नसते. पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या टिकल्या त्या कागदाच्या बळावर नव्हेत, तर कोणीतरी पुन्हा पुन्हा नक्कल करीत राहिले म्हणून. ते काम आता आपल्या पिढीकडे आले आहे. मित्रहो, घरच्या कपाटात एखादी जुनी फीत असेल, तर या सुट्टीत ती बाहेर काढा. ती वाजते आहे तोवरच हे काम करता येईल.