पहिले महायुद्ध : खुनापासून युद्धापर्यंतचे ३७ दिवस

"पहिल्या महायुद्धाचे तात्कालिक कारण कोणते?" मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर येतं : ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. एक गुण पक्का! पण वर्गात एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, "सर, एका माणसाच्या खुनासाठी एवढं मोठं युद्ध?" शंका रास्त आहे. तिला "पुढे बघू" म्हणून टाळू नये. खरा धडा तिथेच सुरू होतो.

आधी फळ्यावर दोनच तारखा लिहा. साराजेव्होत युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी यांचा खून झाला २८ जून १९१४ रोजी. गोळ्या झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप १९ वर्षांचा होता. ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला. मध्ये पूर्ण एक महिना. रागाच्या भरात हात उचलणारा महिनाभर थांबत नाही. मग त्या महिन्यात काय चाललं होतं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. साम्राज्यवाद, लष्करवाद, राष्ट्रवाद, गुप्त करार हे चार शब्द आपण कारणं म्हणून लिहून देतो. ते बरोबरच आहेत, पण मुलांच्या डोक्यात त्यांची नुसती यादी राहते. मला वाटतं, ही गोष्ट भीतीची म्हणून सांगावी. १८७१ मध्ये फ्रान्सला हरवून जर्मनी एक राष्ट्र झालं आणि अल्सेस-लॉरेन हा फ्रान्सचा प्रदेश घेऊन बसलं. फ्रान्स हे विसरणार नाही, ही बिस्मार्कची कायमची चिंता. म्हणून त्याने १८७९ मध्ये ऑस्ट्रियाशी करार केला आणि १८८२ मध्ये त्यात इटलीलाही घेतलं. रशियालाही तो गोंजारून होता. १८९० मध्ये कैसर विल्हेल्मने त्याला घरी बसवलं, रशियाशी असलेला करार पुढे चालवला नाही, आणि १८९४ पर्यंत रशिया फ्रान्सच्या बाजूला गेला. आता जर्मनीच्या पश्चिमेला फ्रान्स, पूर्वेला रशिया. पुढे जे झालं, त्यातलं बरंचसं या नकाशातून आलं.

ब्रिटन या सगळ्यापासून लांब होता. बेटावरचा देश, धान्यसुद्धा मोठ्या प्रमाणात जहाजाने येणार, त्यामुळे आरमार म्हणजे त्याचा श्वास. १८९८ पासून जर्मनीने मोठं आरमार बांधायला घेतलं आणि ब्रिटन सावध झाला. १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी त्याने जुनी भांडणं मिटवली. एक गोष्ट मात्र मुलांना सांगायला हवी : या समझोत्यांत "तुमच्यासाठी आम्ही लढूच" असं ब्रिटनने कुठेही लिहून दिलं नव्हतं. दोन्ही गट सारखेच बांधलेले होते असं आपण शिकवतो, ते तितकंसं खरं नाही.

आता परत जुलैकडे. सर्बियाला धडा शिकवायचा तर पाठीशी रशिया उभा राहणार, हे ऑस्ट्रियाला माहीत होतं. म्हणून ५ जुलैला त्याने बर्लिनला विचारलं. उत्तर आलं : काहीही करा, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. इतिहासात याला 'कोरा चेक' म्हणतात. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, मुदत ४८ तास. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियात येऊन तपासात भाग घेण्याची अट मात्र मानली नाही. ऑस्ट्रियाला तेवढं पुरलं.

इथपर्यंत हे बाल्कनमधलं भांडण होतं. तशी भांडणं १९०८, १९१२, १९१३ मध्येही झाली होती आणि मिटली होती. या वेळी ते पेटलं ते सैन्य जमवण्यावरून. हा भाग जरा सावकाश शिकवा.

त्या काळी युद्धाची तयारी म्हणजे लाखो राखीव सैनिकांना गावोगावहून बोलावून, रेल्वेने सरहद्दीवर पोचवणं. रशिया अवाढव्य, रेल्वे विरळ, म्हणून त्याला वेळ लागणार. जर्मनीची सगळी योजना याच उशिरावर उभी होती : आधी सुमारे सहा आठवड्यांत फ्रान्सला पाडायचं, मग सैन्य पूर्वेला वळवायचं. म्हणजे रशियाने तयारी लवकर सुरू केली की जर्मनीचं गणितच कोलमडणार. रशियाच्या दृष्टीने जी खबरदारी, ती जर्मनीच्या दृष्टीने चढाई!

२९ जुलैला झारने पूर्ण सैन्य जमवण्याचा हुकूम दिला, कैसरची तार आल्यावर मागे घेतला आणि ३० तारखेला पुन्हा दिला. (नातं बघा : इंग्लंडचा राजा जॉर्ज आणि झार निकोलस मावसभाऊ, कैसर हा जॉर्जचा आतेभाऊ, आणि झारची बायको कैसरची मावसबहीण. मुलांना हे फार आवडतं.) १ ऑगस्टला जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारलं. त्याच संध्याकाळी, फ्रान्स बाजूला राहील अशी आशा वाटून कैसर सेनापती मोल्टकेला म्हणाला, सगळं सैन्य पूर्वेला वळवू. मोल्टकेने सांगितलं, आता शक्य नाही. गाड्यांची वेळापत्रकं पश्चिमेची होती. भांडण सर्बियाचं, आणि जर्मन फौजा निघाल्या फ्रान्सवर, तेही बेल्जियममधून. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहात ब्रिटननेही दिली होती. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरला. खुनापासून ३७ दिवस.

मग 'जागतिक' कसं झालं? ब्रिटन आणि फ्रान्स उतरले म्हणजे त्यांच्या वसाहतीही उतरल्या, कुणी विचारलं नाही. २३ ऑगस्टला जपानने चीनच्या किनाऱ्यावरचा जर्मन तळ मिळवण्यासाठी युद्ध पुकारलं. ऑटोमन तुर्कस्तान जर्मनीकडून आला. इटली मात्र १९१५ मध्ये जुना करार सोडून उलट बाजूला गेला.

आणि आपण? व्हाइसरॉय हार्डिंजने भारत युद्धात असल्याचं परस्पर जाहीर केलं. सप्टेंबर संपता संपता भारतीय तुकड्या फ्रान्समध्ये मार्सेलिसला उतरत होत्या. नोव्हेंबरमध्ये पुणे डिव्हिजनचे सैनिक इराणच्या आखाताशी, फाओला उतरले. हीच डिव्हिजन पुढे कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपासमार झाली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. या युद्धात ७० हजारांहून जास्त भारतीय सैनिक मेले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात तिथल्या ४६ जणांचं स्मारक आहे. सहल साताऱ्याकडे जाणार असेल तर तिथे जरूर थांबा, आणि जायच्या आधी वर्गात नकाशावर साराजेव्हो शोधून ठेवा.