कुटुंबाची मोटार की डोंगराची जीप?

दसरा-पाडव्याच्या सुमारास आपल्या व्यापारी कुटुंबांतून नव्या गाडीचा विषय निघतो, आणि हल्ली तो बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन अडतो. वडील मंडळींना सहज चढता-उतरता येईल अशी प्रशस्त गाडी हवी असते. तरुणांचे मन ‘थार’ किंवा ‘जिम्नी’ यांसारख्या दणकट गाडीवर जडलेले असते. दोन्ही गाड्या उंच दिसतात आणि बाजारात दोहोंना ‘एसयूव्ही’ हे एकच नाव आहे. त्यामुळे प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे असे वाटते. वस्तुतः ही दोन भिन्न जातींची वाहने आहेत.

‘क्रेटा’, ‘सेल्टोस’ या गाड्या घडणीने मोटारीच होत. त्यांचा सांगाडा व वरची काया एकसंध असते. त्यामुळे वजन आटोक्यात राहते, आत जागा अधिक मिळते आणि धक्के कमी बसतात. थार व जिम्नी यांत खाली शिडीच्या आकाराचा पोलादी सांगाडा असून काया त्यावर बसविलेली असते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जोडलेली असतात. खडकाळ वाटेवर हीच रचना उपयोगी पडते. डांबरी रस्त्यावरील खड्ड्यात मात्र मागे बसलेल्या माणसाच्या कंबरेला तिची जाणीव होते.

चारी चाकांना जोर देणाऱ्या यंत्रणेविषयी आपल्याकडे गैरसमज फार आहेत. चोर्ला किंवा आंबोली घाटातून पावसात उतरताना अशी गाडी अधिक सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. परंतु ही यंत्रणा गाडी पुढे नेण्यासाठी आहे, थांबविण्यासाठी नव्हे. ब्रेक चारी चाकांना प्रत्येकच गाडीत असतात; ओल्या घाटात खरा आधार चांगल्या टायरांचा व संयत वेगाचा. शिवाय थार व जिम्नीमधील जोड कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरावयाचा नसतो. वळणावर पुढील चाकांना मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते, आणि जोड घातलेला असल्यास दंतचक्रांवर व टायरांवर अकारण ताण येतो. थार या नावाने मिळणारी प्रत्येक गाडी चारी चाकांनी ओढते असेही नाही. 2023 पासून तिचा केवळ मागील चाकांवर चालणारा प्रकारही मिळू लागला. तो घेणाऱ्यास जीपचे रूप मिळते व जीपचे धक्के मिळतात, पण चिखलातून निघण्याचे बळ मिळत नाही. हा सौदा कोणत्या हिशेबाने फायद्याचा ठरतो, हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही!

शिडीचा सांगाडा म्हणजे सुरक्षितता, हे समीकरणही टिकत नाही. ‘ग्लोबल एनकॅप’च्या 2016 मधील चाचणीत एअरबॅग नसलेल्या ‘स्कॉर्पिओ’स शून्य तारे मिळाले होते, 2022 मध्ये ‘स्कॉर्पिओ-एन’ने पाच मिळविले. सांगाडा दोहोंत शिडीचाच.

आता कर. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरांहून आखूड व 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीस 18 टक्के, तर मोठ्या गाड्यांस 40 टक्के जीएसटी आहे. जिम्नी आखूड असली तरी पेट्रोलवरील मर्यादा 1200 सीसीचीच असल्यामुळे ती 40 टक्क्यांतच जाते. ‘जीप दुकानाच्या कामाला’ असे म्हणून पेढीच्या नावावर घेतली, तरी चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनावर भरलेल्या कराची वजावट सामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही. मालवाहू गाडीची गोष्ट निराळी. म्हणून ज्यांना खरोखर पोती वाहावयाची आहेत, त्यांनी साधा पिकअप व घरासाठी वेगळी मोटार, असाही विचार करून पाहावा.

चंदगडकडे काजूच्या बागा असणारे किंवा खानापूरच्या जंगलपट्टीत शेती पाहणारे जे बंधू आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात तेथील कच्च्या वाटांवर मोटारवर्गीय गाडी रुतून बसते. अशांनी फोर-व्हील ड्राइव्ह व कमी वेगाचे जादा गिअर असलेली गाडीच घ्यावी आणि तिच्या धक्क्यांबद्दल तक्रार करू नये.

इतरांचे वर्ष मात्र बाजारपेठ, मुलांची शाळा, लग्नकार्ये आणि एखादी यात्रा यांतच जाते. स्तवनिधी, कुंभोज वा श्रवणबेळगोळ, सर्वत्र डांबरी रस्ता आहे. यात्रेस आजी-आजोबा असतात, डबे व अंथरुणे असतात, आणि सूर्यास्तापूर्वी भोजनास पोहोचावयाचे असते. तीन दारांच्या थारमध्ये पुढील आसन वाकवून मागे शिरावे लागते; जिम्नीत चौघेच बसतात. गुडघे दुखणाऱ्या आजींना हे कसे जमावे? गाडी पसंत करावयास जाताना घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीस बरोबर न्यावे, मागील आसनावर बसवावे, आणि खराब रस्त्यावरून अर्धा तास फिरवून आणावे.

विक्रेत्यास आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा. आसनांचे व सुकाणूचे आवरण खऱ्या चामड्याचे आहे की कृत्रिम? महागड्या प्रकारांत याचा खुलासा आपण होऊन क्वचितच केला जातो. कापडी आसनांचा प्रकार बहुधा स्वस्तही असतो.